गावाच्या भिंतीवर मुख्यमंत्र्यांचा तक्ता : १९३७ पासून मांडायचा तर असा मांडा

बाजारात मुख्यमंत्र्यांचं छापील पोस्टर मिळतं. वर १ मे १९६०, यशवंतराव चव्हाण, आणि खाली फोटोंच्या रांगा. स्पर्धा परीक्षेतल्या एका मार्कापुरतं ते पुरतं. पण आपण विदर्भातले. आपल्या बहुतेक गावांचा कारभार १९३७ सालीच प्रांताच्या मंत्रिमंडळाकडे आला होता, आणि ते मंत्रिमंडळ मुंबईत नाही, नागपुरात बसत होतं. १९६० च्या आधीची तेवीस वर्षं पोस्टरवर नाहीत, म्हणून पोरांच्या डोक्यातही नाहीत. मला हे फार लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, आता दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी ग्रामपंचायतीच्या खोलीत चालणारी अभ्यासिका पाहते. तिथल्या पोरापोरींकडून आम्ही तक्ता करून घेतला. तुमच्या शाळेत, वाचनालयात करायचा असेल तर कसा करायचा ते सांगते.

पहिली गोष्ट, तक्ता राज्याचा करू नका, गावाचा करा. राज्याची नावं आणि सीमा बदलत गेल्या, गाव जागेवरच आहे. म्हणून प्रत्येक तारखेला एकच प्रश्न विचारायचा : त्या दिवशी आपल्या गावाचा कारभार कोणत्या मंत्रिमंडळाकडे होता आणि त्याचा प्रमुख कोण होता? हा प्रश्न धरला की बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई आपोआप गळतात. मोठी माणसं, पण ती मुंबई प्रांताची, पुढे मुंबई राज्याची. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्यांचा आपल्या तहसिलीशी संबंध नव्हता. पुण्याकडच्या पुस्तकांतून नोट्स काढणारी पोरं त्यांनाच "आपले" पहिले मुख्यमंत्री म्हणून लिहितात, तिथे लक्ष ठेवा.

सामान साधं आहे. पांढऱ्या ड्रॉइंग शीट आडव्या जोडून लांब पट्टी करा. फ्लेक्स छापू नका, कारण फ्लेक्सवर दुरुस्ती करता येत नाही आणि हा तक्ता वाढत जाणारा आहे. प्रमाण ठेवा एका वर्षाला एक इंच. १९३७ पासून आजपर्यंत नव्वदेक इंच होतात, म्हणजे साडेसात फूट. भिंत त्याहून लांब असलेली बरी, उजवीकडे कोरी जागा सोडावी लागते. महिने दाखवायला इंचाचे बारा भाग पोरं पेन्सिलीने पाडतात. हे इंचाचं काम वगळू नका. नुसती नावांची यादी केली तर अकरा वर्षांची कारकीर्द आणि नऊ दिवसांची कारकीर्द सारख्याच ओळीत बसतात. पट्टीवर त्या डोळ्यांना दिसतात.

फोटो लावू नका. निवडणुकीत शाळा नाही तर ग्रामपंचायतीची खोली मतदान केंद्र होते, आचारसंहिता लागली की नेत्यांचे फोटो झाकावे लागतात, आणि मग तक्ताच उतरवून ठेवला जातो, तो पुन्हा लागत नाही. पक्षांचे रंगही नकोत. गावात सगळ्या पक्षांची माणसं आहेत आणि तक्ता सगळ्यांचा आहे. रंग तीन पुरेत : मंत्रिमंडळ असलेला काळ पिवळा, मंत्रिमंडळ नसलेला काळ लाल, आणि विदर्भातल्या माणसाच्या कारकिर्दीला हिरवी किनार.

आता डावीकडून सुरू करा. १ एप्रिल १९३७. १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतांना स्वायत्तता मिळाली तो हा दिवस. आपला प्रांत मध्यप्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे सी. पी. अँड बेरार. वऱ्हाडचे चार जिल्हे, नागपूरकडचे चार जिल्हे आणि हिंदी भाषक महाकोशल, सगळं एका नागपूरच्या सरकारात. त्या वेळी प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला पंतप्रधान किंवा प्रधानमंत्री म्हणत. पोरं गोंधळतात, म्हणून पट्टीखाली तेवढी टीप लिहा आणि पुढे चला. मुख्यमंत्री हा शब्द राज्यघटना लागू झाल्यापासून, २६ जानेवारी १९५० पासून लिहा.

पहिलं नाव ई. राघवेंद्र राव. यांना गाळू नका. निवडणुकीत बहुमत काँग्रेसला होतं, पण गव्हर्नरच्या खास अधिकारांबद्दल खात्री मिळेपर्यंत मंत्रिपदं घ्यायची नाहीत असं पक्षाने ठरवलं होतं. म्हणून रावांचं हंगामी मंत्रिमंडळ आलं. जुलै १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला बसली आणि पदं स्वीकारायचं ठरलं. १४ जुलैला नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे प्रमुख झाले. रावांची सगळी कारकीर्द पट्टीवर पाव इंचाच्या जरा वर भरते. विधानसभेत बहुमत नसलेलं सरकार असं किती टिकतं, हे पोरांना त्या पाव इंचावरून समजतं.

खऱ्यांचं वर्ष नीट शिकवा, संसदीय पद्धतीचा एक मोठा धडा त्यात आहे. मंत्रिमंडळात नागपूर-वऱ्हाडचे मंत्री आणि महाकोशलचे मंत्री यांच्यात बेबनाव होता. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांनाही द्यायला सांगितला. महाकोशलचे तिघे, रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता, म्हणाले की पक्षाचा आदेश आल्याशिवाय देणार नाही. गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांनाच नवं मंत्रिमंडळ बनवायला बोलावलं. त्यांनी ते बनवलंही. पण पक्षश्रेष्ठी वर्ध्याला जमले होते. तिथे जाब विचारला गेला आणि काही दिवसांतच खऱ्यांना पद सोडावं लागलं. २९ जुलै १९३८ ला शुक्ल आले.

इथे पोरांना थांबवून विचारा : प्रमुखाने राजीनामा दिला की बाकीच्या मंत्र्यांचं काय होतं? मंत्रिमंडळ प्रमुखाबरोबर उभं राहतं आणि त्याच्याबरोबरच पडतं. पुस्तकात हे वाक्य वाचून पोरं विसरतात, खऱ्यांची गोष्ट ऐकली की विसरत नाहीत. दुसरा प्रश्न आणखी चांगला आहे : मंत्री उत्तर कोणाला देणार, विधानसभेला, गव्हर्नरला की पक्षाला? यावर आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळभर वाद झाला. तो होऊ द्या. मुलींना मुद्दाम बोलायला लावा.

ऑक्टोबर १९३९ मध्ये पुन्हा वर्धा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढलं म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असा ठराव कार्यकारिणीने तिथेच केला. नोव्हेंबरमध्ये शुक्लांचं मंत्रिमंडळ गेलं. तिथून एप्रिल १९४६ पर्यंत पट्टी लाल करायची : १९३५ च्या कायद्याचं कलम ९३, गव्हर्नरची राजवट. जवळजवळ साडेसहा इंच लाल. तुमच्या पट्टीवर जुलै १९३७, जुलै १९३८ आणि ऑक्टोबर १९३९ अशा तीन जागी वर्ध्याचं नाव लिहा. नागपूरचं सरकार बसणार की उठणार हे तिन्ही वेळा आपल्या वर्ध्यात ठरलं, आणि वर्धा जिल्ह्यातल्या पोरांनाही ते माहीत नसतं.

एप्रिल १९४६ ला शुक्ल परत आले ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत राहिले. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. साडेदहा इंचांची सलग पिवळी पट्टी. आता पोरांच्या हातात फूटपट्टी द्या आणि विचारा, आपल्या गावाचा कारभार सर्वांत जास्त काळ कोणी पाहिला? सगळे वसंतराव नाईक म्हणतील. सलग मोजलं तर बरोबर आहे, ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५, सव्वाअकरा इंचांना जरा कमी. पण शुक्लांचे दोन तुकडे जोडले तर पावणेबारा इंच भरतात. महाराष्ट्राच्या यादीत हे उत्तर सापडणारच नाही, कारण त्या यादीत शुक्ल नाहीत. आणि याच पट्टीवर दोघांची गाठही दाखवता येते : वसंतराव १९५२ साली मध्यप्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि शुक्लांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला जाड उभी रेघ मारा. राज्य पुनर्रचनेत नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (म्हणजे आजचं चंद्रपूर), अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. आदल्या दिवशी आपले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल होते, त्या दिवशी यशवंतराव चव्हाण झाले. शुक्ल भोपाळला नव्या मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला वारले. गावासाठी खरा बदल हा आहे. १ मे १९६० ला राज्याचं नाव महाराष्ट्र झालं, पण मुख्यमंत्री तेच राहिले, म्हणून तिथे बारीक रेघ पुरे. पोस्टर पाहून वाढलेली पोरं यावर हटकून वाद घालतात. त्यांना वाद घालू द्या आणि मग कागद दाखवा.

कागद म्हणजे गावातल्या घरच्या पेट्यांतले जुने कागद. खरेदीखतं, फेरफाराच्या नकला, शाळेचे दाखले. ज्याच्या घरी असतील त्याने फक्त मोबाइलवर फोटो काढून आणावा, मूळ कागद घरातून हलवू नये आणि कोणाच्या हाती देऊ नये, वावराच्या भानगडी त्यावर अवलंबून असतात. मथळ्यावर आणि शिक्क्यावर सरकारचं नाव कसं बदलत गेलं ते पाहा : आधी मध्यप्रांत आणि वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. आपल्याच आबाजीच्या कागदावर मध्यप्रदेश वाचलं की पोरांना १९५६ ची रेघ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

राजुरा, कोरपना, जिवतीकडच्या वाचकांनी मात्र वरचं जसंच्या तसं उतरवू नये. तुमचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथून तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात. तुमच्या पट्टीवर राव, खरे, शुक्ल येत नाहीत. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, शेवटचे पंतप्रधान मीर लायक अली. पोलीस कारवाईनंतर लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल जे. एन. चौधरी. १९५० पासून नेमलेले मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी. आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुला रामकृष्ण राव, ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. निवडून आलेला पहिला प्रमुख तुम्हाला आमच्यापेक्षा पंधरा वर्षं उशिरा मिळाला. तुमच्या पोरांनी हे जरूर लिहावं.

१९६० च्या पुढची नावं सगळीकडे मिळतात, तिथे अडचण तारखांची येते. एका यादीत राजीनाम्याची तारीख असते, दुसरीत पुढच्याच्या शपथविधीची. एकच नियम ठेवा : कारकीर्द शपथेच्या दिवशी सुरू होते आणि पुढच्याच्या शपथेला किंवा राष्ट्रपती राजवटीला संपते. मधल्या दिवसांत राजीनामा दिलेला मुख्यमंत्री काळजीवाहू म्हणून काम पाहतच असतो. सुधाकरराव नाईकांनी फेब्रुवारी १९९३ मध्ये राजीनामा दिला, शरद पवारांनी ६ मार्चला शपथ घेतली. ते मधले दिवस सुधाकररावांच्याच पट्टीत घाला.

आणि क्रमांक लिहू नका. अमुक कितवे मुख्यमंत्री, यावर परीक्षेची पोरं भांडत बसतात, त्याचं कारण १९६३ मध्ये आहे. मारोतराव कन्नमवार, चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या मारोड्याचे, यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर २० नोव्हेंबर १९६२ ला मुख्यमंत्री झाले. वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ ला, पदावर असतानाच गेले. राज्याला मुख्यमंत्र्याविना ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पी. के. सावंत यांनी हंगामी पदभार घेतला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक आले. सावंतांना मोजलं तर वसंतराव चौथे, नाही मोजलं तर तिसरे. आम्ही सावंतांची बारीक पेनाची रेघ मारली आणि नाव बाहेर बाण काढून लिहिलं. १९६० पासून माणसं मोजली तर सावंतांसह वीस होतात. शरद पवार आणि वसंतदादा पाटील यांनी चार-चार वेळा शपथ घेतली, म्हणून शपथा मोजल्या तर आकडा बराच वाढतो. काय मोजतो आहोत ते आधी ठरवा.

लाल तुकडे महाराष्ट्रात तीनच येतात : फेब्रुवारी ते जून १९८०, २८ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर २०१४, आणि १२ ते २३ नोव्हेंबर २०१९. तिसऱ्याच्या शेजारी देवेंद्र फडणवीसांची २३ नोव्हेंबरची शपथ आणि २६ नोव्हेंबरचा राजीनामा, तिथेही बाणच काढावा लागतो. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे, ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे, ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा फडणवीस. १९७५ ते १९९५ हा तुकडा मोठ्या पोरांकडे द्या, वीस वर्षांत नावं भराभर बदलतात आणि अक्षर बारीक लागतं : शंकरराव चव्हाण, वसंतदादा, पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, निलंगेकर, पुन्हा शंकरराव, पुन्हा पवार, सुधाकरराव, पुन्हा पवार. त्यापुढे मनोहर जोशी, नारायण राणे, विलासराव देशमुख, सुशीलकुमार शिंदे, पुन्हा विलासराव, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण, फडणवीस, असं सरळ जातं.

हिरवी किनार १९५६ नंतर चौघांना मिळते : कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस. त्याआधी नागपूरच्या खऱ्यांना. वसंतराव आणि सुधाकरराव हे काका-पुतणे, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्यावरून दोन मुख्यमंत्री झाले, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आले आणि आजही तेवढ्याच अभिमानाने सांगते. आमच्या मुलींनी पूर्ण पट्टी पाहून विचारलं की यात एकही बाई कशी नाही. नाही, १९३७ पासून एकही नाही. तुमच्याकडे कोणी विचारलं नाही तर तुम्ही स्वतः विचारा.

वरची पट्टी झाली की खाली दुसरी पट्टी जोडा, गावाची. शाळा कधी झाली, वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली. म्हाताऱ्या माणसांना सन विचारू नका. कोणाच्या वेळची गोष्ट ते विचारा. आमच्या गावातल्या एका आबाजींना मी विचारलं, खडी फोडायला कधी गेले होते? म्हणाले, "नाईक सायेब होते तवा. सुकडी खाऊन खडी फोडली आमी, त्याच सालात मोठ्या पोरीचा जलम." मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पोरीच्या नावापुढे १ जुलै १९७२. बहात्तरच्या दुष्काळाशी बरोबर जुळलं. रजिस्टरात १ जुलै दिसला तर जपून, मास्तर लोक अंदाजाने ती तारीख टाकत. वर्ष घ्या, दिवस घेऊ नका.

गावाच्या पट्टीवर काही सरकारी तारखाही बसवा, म्हणजे वरच्या नावांना खाली आधार मिळतो. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ ला सुरू झाल्या, मुख्यमंत्री यशवंतराव, आणि ती रचना सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक. कापूस एकाधिकार खरेदी १९७२, वसंतराव. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९, तेही त्यांच्याच काळातलं. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३, वसंतदादा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२, म्हणजे बाबासाहेब भोसले, एका वर्षाचे मुख्यमंत्री, ज्यांचं नाव पोरांना कधी आठवत नाही. गडचिरोलीकडच्या शाळांनी हे मोठ्या अक्षरात लिहावं. वाशीम १ जुलै १९९८ ला झाला, मनोहर जोशी. गोंदिया १ मे १९९९ ला, नारायण राणे. खालची तारीख वरच्या नावाखाली बसत नसेल तर दोन्हींपैकी एक चुकलंय, ते शोधून काढायला पोरांना सांगा. जिल्हा गॅझेटियर आणि विधिमंडळाच्या याद्या दोन्ही समोर ठेवा, एकावर विसंबू नका.

लावताना पावसाचं पाणी झिरपणारी भिंत टाळा. पट्टी फेविकॉलने चिकटवू नका, टाचण्या लावा किंवा वर लाकडी पट्टी ठोकून त्याला टांगा, वरून जाड प्लास्टिक. सगळ्यात उजवीकडच्या कारकिर्दीला शेवटची उभी रेघ मारू नका. पुढचा शपथविधी होईल त्या दिवशी अभ्यासिकेत जो हजर असेल त्याने तारीख लिहून ती रेघ मारायची, खाली पेन्सिलीने आपलं नाव टाकायचं. कोऱ्या शीटचा जोड आत्ताच घडी करून मागे ठेवून द्या.